‘न्हाणीत पाय घसरला’ : डोक्याचा मार किरकोळ कसा?

गेल्या वर्षी सोयाबीन सोंगणीच्या दिवसांतली गोष्ट. धनज हे वाशिम जिल्ह्यातल्या कारंजा तालुक्यातले गाव. तिथे आठवड्यातून एक दिवस आमची बैठक असते. आजूबाजूच्या खेड्यांतल्या बाया आपापली गाऱ्हाणी घेऊन येतात. त्या दिवशी ती आली ती दोन्ही हातांनी डोके धरूनच. वय तिशीच्या आत, पदरी दोन लेकरे, शेतमजुरी करणारी. डोळ्याभोवतीचा काळानिळा डाग पिवळा पडत आलेला. म्हणजे मार आठ-नऊ दिवसांपूर्वीचा. काय झाले विचारल्यावर नेहमीचे उत्तर मिळाले, "काई नाई ताई, न्हाणीत पाय घसरला." सोबत आलेली तिची मावशी म्हणाली, "खरं काहून नाई सांगत व? डोक्सं धरून चौकटीवर आपटलं ना त्यानं. तीनदा आपटलं."

आम्ही नेहमी करतो ते सगळे केले. अर्ज लिहून घेतला. नवऱ्याला बोलावण्याचे पत्र तयार केले. दारू किती पितो, मजुरी कोणाच्या हातात जाते, मुले शाळेत जातात का, माहेरी कोण आहे, सगळे विचारले. बोलता बोलता ती मध्येच थांबत होती. धाकट्या लेकराचे नाव तिला पटकन आठवेना. मी वहीत लिहिले, ‘मानसिक ताणाखाली आहे.’ डोके दुखते असे तिने किमान तीनदा सांगितले. ते मी लिहिले नाही.

मार बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती एका दवाखान्यात जाऊन आली होती. तिथे दुखण्याच्या गोळ्या मिळाल्या आणि कागदावर ‘साधी दुखापत’ असे लिहिले गेले. पोलीस ठाण्यात अदखलपात्र नोंद झाली. दवाखाना कोणता आणि ठाणे कोणते हे मी इथे लिहीत नाही. कारण हे एका दवाखान्याचे किंवा एका ठाण्याचे नाही. तुमच्या तालुक्यातही हेच होते आहे.

एकोणिसाव्या दिवशी पहाटे तिला उलट्या सुरू झाल्या. चहाची कपबशी उजव्या हातातून गळून पडली. बोलणे बोबडे झाले. नवरा म्हणाला, नाटक करते. सासू म्हणाली, बाहेरचे आहे. अर्धा दिवस तिला एका भगताच्या दारात बसवून ठेवले. मावशीने मला फोन केला तेव्हा दुपार झाली होती. १०८ ची गाडी बोलावली आणि आम्ही तिला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेले. डोक्याचे सीटी स्कॅन झाले. डॉक्टरांनी फिल्म उजेडात धरून दाखवली. कवटीच्या आत, मेंदूच्या डाव्या अंगाला चंद्रकोरीच्या आकाराचा रक्ताचा साका साठला होता आणि त्याने मेंदू एका बाजूला ढकलला होता. त्याच रात्री कवटीला भोके पाडून ते रक्त काढले. तिसऱ्या दिवशी तिने धाकट्याला नावाने हाक मारली.

ती वाचली. पण उजव्या हाताची बोटे पूर्वीसारखी चालत नाहीत. आमच्या भागात कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. बोटे चालली नाहीत तर किती किलो वेचणार? आणि कागदावर ही दुखापत अजून ‘साधी’च आहे.

हा लेख मी लिहिते आहे तो त्या कागदाबद्दल. आणि माझ्या वहीबद्दलही.

कवटीच्या आत काय होते

आपण जखम डोळ्यांनी मोजतो. रक्त वाहिले, हाड मोडले, टाके पडले तर मार मोठा. काही दिसत नसेल तर मार लहान. डोक्याच्या बाबतीत हे गणित सपशेल चुकते. कवटी हे बंद मडके आहे. मेंदू त्यात तीन आवरणांत गुंडाळलेला असतो. कवटीच्या आत रक्त साठू लागले तर त्याला बाहेर जायला वाट नसते. ते मेंदूलाच दाबते. वरून कातडी फाटलेली नसली, साधे टेंगूळही नसले, तरी आत हे चालू राहू शकते.

मेंदूभोवती होणाऱ्या रक्तस्रावाचे तीन प्रकार प्रत्येक कार्यकर्तीला माहीत असले पाहिजेत.

पहिला, कवटी आणि सर्वांत बाहेरचे जाड आवरण यांच्यामधला. कानशिलावर जोरात मार बसला की तिथले पातळ हाड तडकते आणि त्याखालची धमनी फाटते. धमनीचे रक्त जोराने येते, म्हणून इथे हिशेब तासांचा असतो. यात एक फसवा काळ असतो. बाई क्षणभर बेशुद्ध होते, मग उठते, बोलते, भाकरीसुद्धा थापते. सगळे म्हणतात, बरी आहे. मग डोके भयंकर दुखू लागते, उलट्या होतात, झोप अनावर होते. ‘झोपू द्या तिला, दमली आहे’ असे म्हणून घरचे दिवा मालवतात. सकाळी ती उठत नाही.

२००९ च्या मार्चमध्ये कॅनडात इंग्रज अभिनेत्री नताशा रिचर्डसन बर्फावर घसरण्याचा खेळ शिकताना पडली. हसत उठली. आलेली रुग्णवाहिका परत पाठवली गेली. सुमारे तासाभराने डोके दुखू लागले. दोन दिवसांनी ती वारली. वय ४५. जिला पैसा, गाडी, दवाखाना कशाचीच वाण नव्हती तिलाही हा फसवा काळ फसवून गेला. मग शेतातल्या गोठ्यात राहणाऱ्या बाईचे काय?

दुसरा प्रकार, जाड आवरणाच्या खालचा. इथे मेंदू आणि आवरण यांना जोडणाऱ्या बारीक नसा तुटतात. फार जोराचा मार असेल तर काही तासांतच जीव जातो. पण पुष्कळदा रक्त थेंबाथेंबाने साठते आणि त्रास काही दिवसांनी, कधी तीन-चार आठवड्यांनी दिसतो. तोवर मार विसरला गेलेला असतो. डोके रोज थोडे जास्त दुखते. बाई विसरभोळी होते, चिडचिड करते, चालताना एका बाजूला झुकते. आमच्या बैठकीतल्या त्या बाईचे हेच झाले होते.

म्हाताऱ्या बायांना हा धोका सर्वांत जास्त. वयाबरोबर मेंदू आकसतो, त्या नसा ताणल्या जातात आणि साध्या पडण्यानेही तुटतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आणखीच. दारू पिणाऱ्यांनाही हा धोका असतो. अंगणात पडलेली आजी महिन्याभराने बरळू लागली, अंथरुणात लघवी करू लागली की घरात एकच शब्द उच्चारला जातो, म्हातारचळ. मग तिची खाट मागच्या पडवीत जाते. त्यातल्या काही आज्या म्हातारचळाने नव्हे, साठलेल्या रक्ताने तशा झालेल्या असतात. कवटीला भोक पाडून रक्त काढले तर त्यातल्या कितीतरी पुन्हा चालू-बोलू लागतात. पण पडवीतल्या म्हातारीचे स्कॅन कोण करणार?

तिसरा प्रकार, आतल्या पातळ आवरणाखालचा. तो मारानेही होतो. पण मार नसताना होतो तेव्हा बहुतेक वेळा मेंदूच्या रक्तवाहिनीवर आलेला फुगा फुटलेला असतो. हा आजार पुरुषांपेक्षा बायांत जास्त आढळतो. वाढलेला रक्तदाब आणि तंबाखूची विडी-सिगारेट ही त्याची मोठी कारणे आहेत. डोके असे दुखते की बाई म्हणते, कोणी कुऱ्हाड घातली. आयुष्यात कधी दुखले नाही असे, आणि एका क्षणात. मान ताठते, उलटी होते, उजेड सहन होत नाही, शुद्ध हरपते. आमच्याकडे याला ‘पित्त चढले’ म्हणतात आणि लिंबूपाणी देतात. फुटलेला फुगा पुन्हा फुटण्याचा धोका पहिल्या दिवशी सर्वांत जास्त असतो. तो बंद करता येतो, कवटी उघडून चिमटा लावून किंवा मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक तार आत नेऊन. नंतर मेंदूच्या रक्तवाहिन्या आखडू नयेत म्हणून निमोडिपीन नावाचे औषध २१ दिवस देतात. पण त्यासाठी ती बाई आधी तिथे पोचली पाहिजे.

डोके दुखते हे कोण ऐकते?

मैत्रिणींनो, आपल्या समाजात बाईच्या डोकेदुखीइतकी स्वस्त गोष्ट दुसरी नाही. पुरुषाचे डोके दुखले की घरात आवाज बंद होतात. बाईचे दुखले की ‘हिचे नेहमीचेच.’ तिने कपाळाला फडके बांधायचे, बाम चोळायचा आणि चुलीपुढे बसायचे. दुखणे सांगणारी बाई कामचुकार ठरते, न सांगणारी सोशिक ठरते. या सोशिकपणाच्या कौतुकाने किती बायांचा जीव घेतला याची मोजदाद कोणी केलेली नाही.

बाई भान हरपून बडबडू लागली, तिला झटके आले, तर तिला बाहेरची बाधा झाली असे ठरवायला घर तयारच असते. मंत्र, अंगारा, आणि भूत उतरवण्यासाठी पुन्हा मार. म्हणजे आधीच्या माराने जी आजारी पडली तिच्यावर उपचार म्हणून आणखी मार! महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा त्याखाली गुन्हा आहे. तरी आमच्या भागात भगताचे दार दवाखान्याच्या दारापेक्षा जवळ आहे.

आणि डॉक्टर? बाई एकटी आली तर तिला विचारायला हवे, की डोक्याला मार लागला होता का, कशाने, कधी, शुद्ध गेली होती का, उलटी झाली का. पाच वाक्ये. पण ओ.पी.डी.त ओळ लांब असते, नवरा शेजारी उभा असतो आणि ‘न्हाणीत पडली’ हे त्याने आधीच सांगितलेले असते. डॉक्टर ते लिहून घेतात. न्हाणीत पडलेल्या बाईच्या दोन्ही दंडांवर बोटांचे वळ कसे, हा प्रश्न कोणाला पडत नाही. पडला तरी तो ‘घरगुती मामला’ असतो.

२०२४ च्या मार्चमध्ये जग्गी वासुदेव यांच्यावर दिल्लीत तातडीची शस्त्रक्रिया झाली. कवटीत रक्त साठले होते. चार आठवडे डोके दुखत असूनही त्यांनी आपले कार्यक्रम चालू ठेवले होते, असे तेव्हा जाहीर झाले. ते बरे झाले, चांगलेच झाले. त्यांचे दुखणे असह्य झाल्यावर लगेच तपासणी झाली. आमच्या बाईचेही जवळजवळ तीन आठवडे डोके दुखत होते. तिनेही आपले कार्यक्रम चालू ठेवले होते. पाणी भरणे, सोयाबीन सोंगणे, स्वयंपाक आणि मार खाणे. फरक दुखण्यात नव्हता.

मुष्टियोद्ध्याचे डोके आणि बायकोचे डोके

१९२८ साली हॅरिसन मार्टलंड या अमेरिकन डॉक्टरने मुष्टियोद्ध्यांबद्दल एक निबंध लिहिला. वर्षानुवर्षे डोक्यावर ठोसे खाल्लेले हे खेळाडू झिंगल्यासारखे चालतात, बोलताना अडखळतात, पुढे त्यांची बुद्धी मंदावते, हे त्याने मांडले. त्यानंतर या विषयावर अभ्यास होत राहिला, खेळाचे नियम बदलले, मैदानाशेजारी डॉक्टर बसू लागला.

घरात ठोसे खाणाऱ्या बाईच्या मेंदूत तेच होते, हे सांगणारी टिपणी ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आली ती १९९० साली. म्हणजे मधे ६२ वर्षे गेली. मुष्टियोद्धा पैशासाठी, स्वतःच्या मर्जीने, हातमोजे घातलेल्या माणसाकडून मार खात होता. बायकोच्या बाबतीत यातले काहीच नव्हते. तरी विज्ञानाला तिच्याकडे पाहायला ६२ वर्षे लागली. विज्ञान निःपक्षपाती असते असे आपल्याला शिकवले जाते. विज्ञानाचे प्रश्न कोण विचारतो यावर त्याची उत्तरे अवलंबून असतात, हेही शिकवायला हवे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत, देशातल्या लग्न झालेल्या १८ ते ४९ वयाच्या बायांपैकी २९.३ टक्के बायांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. सांगितले, एवढेच. ‘पाय घसरला’ म्हणणाऱ्या यात धरलेल्या नाहीत. यातल्या किती जणींच्या डोक्यावर मार बसला? डोके भिंतीवर आपटणे, केस धरून ओढणे, कानशिलात मारणे, गळा दाबणे, या आपल्याकडच्या माराच्या नेहमीच्या तऱ्हा आहेत. मारणारा नेमके डोके निवडतो. केसांत वळ दिसत नाहीत.

‘साधी दुखापत’ कोणाच्या सोयीची?

आता कायद्याकडे वळू. साधी दुखापत हा अदखलपात्र गुन्हा आहे. म्हणजे पोलीस न्यायाधीशाच्या आदेशाशिवाय तपास करत नाहीत. ते एन.सी. लिहितात, कागद हातात देतात आणि बाईला त्याच घरी परत पाठवतात. गंभीर दुखापत असेल तर गुन्हा दखलपात्र होतो आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत जाते. म्हणून ‘साधी’ आणि ‘गंभीर’ या दोन शब्दांमध्ये बाईचे सगळे भवितव्य अडकलेले असते. आणि हा शब्द ठरतो पहिल्या दिवशी, वरवर पाहून.

पण कायदा तसे म्हणत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ११६ मध्ये गंभीर दुखापत कशाला म्हणायचे ते दिले आहे. हाड मोडणे, डोळा जाणे याबरोबरच त्यात असेही आहे, की जी दुखापत जिवाला धोका निर्माण करते, किंवा जिच्यामुळे माणसाला १५ दिवस तीव्र शारीरिक वेदना होतात किंवा नेहमीची कामे करता येत नाहीत, ती गंभीर. जुन्या कायद्यात हे दिवस २० होते. मेंदूभोवतीचा रक्तस्राव हा जिवाला धोका नाही असे कोणता डॉक्टर म्हणेल? आणि पंधरा दिवस सतत डोके दुखत असेल तर ती वेदना नोंदवायची कोणी?

ती आपण नोंदवायची. डोक्याला मार लागलेल्या बाईचे रोजचे दुखणे तारखेनिशी लिहून ठेवणे हा आपला पहिला पुरावा आहे. ‘आज उलटी झाली. आज शेतात गेली नाही. आज भाकरी करता आली नाही.’ शाळेच्या वहीचे एक पान पुरते. आणि नवे काही आढळले की पुन्हा तपासणी करून दुखापतीचा नवा दाखला मागायचा. पहिल्या दिवशीचा कागद म्हणजे दगडावरची रेघ नव्हे.

शिवाय नवऱ्याच्या मारहाणीसाठी नुसती एन.सी. लिहिणे हीच मुळात पळवाट आहे. बायकोच्या जिवाला, अवयवाला किंवा आरोग्याला गंभीर धोका होईल अशी वागणूक ही क्रूरता ठरते. १९८३ पासून कलम ४९८-अ होते, आज ते न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६ म्हणून आहे. तिने किंवा तिच्या माहेरच्यांनी फिर्याद दिली तर तो गुन्हा दखलपात्र आहे. चौकटीवर तीनदा डोके आपटणे यात बसत नसेल तर काय बसते?

२००५ चा कौटुंबिक हिंसाचार विरोधी कायदाही विसरू नका. मागणी केली की दवाखान्याने पीडित बाईवर उपचार केलेच पाहिजेत असे त्याचे कलम ७ सांगते. आधी अहवाल नोंदवून या, असे सांगून परत पाठवता येत नाही, असे नियम सांगतो. उपचाराचा खर्च मारणाऱ्याकडून वसूल करण्याची सोय कलम २० मध्ये आहे. आणि १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे, की जखमी माणसाचा जीव वाचवणे आधी, पोलिसांचे सोपस्कार नंतर. दवाखान्याच्या दारात ‘पोलीस केस आहे’ म्हणून कोणी अडवले तर हे नाव ठणकावून सांगा.

आणखी एक गोष्ट. शस्त्रक्रियेच्या वेळी आम्हाला विचारले गेले, "नवरा कुठे आहे? सही कोण करणार?" ज्याने डोके फोडले त्याच्या सहीशिवाय डोके दुरुस्त करायचे नाही! शुद्धीवर असलेल्या सज्ञान बाईची संमती तिची तीच देते. ती बेशुद्ध असेल आणि जीव धोक्यात असेल तर डॉक्टर सहीसाठी थांबायला बांधलेले नाहीत.

रस्ता आहे, पण कोणासाठी?

आमच्या कारंजा तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. ७०१ किलोमीटरचा, नागपूर ते मुंबई, २०२५ मध्ये पूर्ण झालेला. मोटारी वाऱ्यासारख्या धावतात. पण मार खाल्लेल्या बाईला मोठ्या रस्त्यापर्यंत यायचे तर घरातल्या तीन माणसांची परवानगी लागते आणि पदरात शंभर रुपये लागतात. वाशिम हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतला जिल्हा. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये इथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. स्वागत आहे. पण महाविद्यालयाची पाटी लागली म्हणजे रात्री दोन वाजता मेंदूची शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर हजर असतोच असे नाही. सीटी यंत्र, ते चालवणारा माणूस, फिल्म वाचणारा डॉक्टर, भूलतज्ज्ञ आणि सर्जन या पाचही गोष्टी एका वेळी असतील तर बाई वाचते. चार असून उपयोग नाही.

पैशाचे काय? महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मोफत मिळतात. त्यासाठी रेशनकार्ड लागते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने घरातली सर्वांत मोठी सज्ञान बाई ही रेशनकार्डासाठी कुटुंबप्रमुख मानली आहे. कायद्यात कार्ड बाईच्या नावाचे, प्रत्यक्षात ते नवऱ्याच्या पेटीत कुलूपबंद. आमच्या बाईचे कार्ड आणायला मावशीला गावच्या सरपंचाला घेऊन जावे लागले.

चूक आमचीही आहे

सरकारवर, पोलिसांवर, डॉक्टरांवर बोट ठेवणे आपल्याला सवयीचे आहे आणि ते ठेवलेच पाहिजे. पण या वेळी मला आपल्या स्वतःच्या कामाबद्दलही बोलायचे आहे. मी समाजकार्यात एम.एस.डब्ल्यू. केले. समुपदेशन शिकले, केस लिहायला शिकले, सहानुभूतीने ऐकायला शिकले. आणि माझ्यासमोर बसलेली बाई आपल्या लेकराचे नाव विसरते तेव्हा मी ‘ताण’ असे लिहिते! कारण मला तिच्या मनाबद्दल शिकवले होते, तिच्या कवटीबद्दल नाही.

आपल्या संघटनांच्या अर्जावर दारू, हुंडा, पोटगी, मुले, मालमत्ता यांचे रकाने आहेत. ‘डोक्याला मार लागला का?’ हा रकाना मी तरी कुठे पाहिला नाही. आपण नवऱ्याला पुढच्या आठवड्यात बोलावतो, समेटाच्या बैठका घेतो. त्या आठवड्यात कवटीत काय साठते आहे याचा विचार करत नाही. त्या बाईला मी त्या दिवशी दवाखान्यात नेले असते तर कदाचित तिची बोटे वाचली असती. हे माझ्या मनातून जात नाही आणि जाऊ नये.

आणखी एक. मार खाऊन गोंधळलेली बाई आपल्यालाही ‘अवघड केस’ वाटते. जबाब बदलते, तारखा विसरते, बैठकीला येत नाही, एकदम रडते किंवा ओरडते. कोर्टात याच कारणाने ती खोटी ठरते. पण वारंवार डोक्याला मार बसल्याने स्मरणशक्ती आणि राग आवरण्याची शक्ती यांवरच परिणाम होत असेल तर? तिचे विसरणे हा तिच्या खोटेपणाचा नव्हे, तिच्यावर झालेल्या हिंसेचा पुरावा असू शकतो. हे आपण वकिलांना आणि न्यायाधीशांना सांगितले पाहिजे. त्याआधी स्वतःला.

आपण काय करायचे

बैठकीला आलेल्या प्रत्येक बाईला, नवरा आणि सासू बाहेर पाठवून, विचारा : डोक्याला मार लागला का? गळा दाबला का? शुद्ध गेली होती का? डोकेदुखी वाढते आहे का? उलटी, झापड, अंधारी, हातापायात कमजोरी, झटका, बोलण्यात फरक, यातले काही आहे का? रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? यातल्या कोणत्याही एका प्रश्नाला ‘हाव’ असे उत्तर आले तर अर्ज नंतर, दवाखाना आधी.

नाकातून किंवा कानातून पाण्यासारखे काही गळत असेल, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसत असेल, बाई हलवूनही नीट जागी होत नसेल, तर एक मिनिटही थांबू नका. १०८ लावा. तिला कुशीवर झोपवा, मान सरळ ठेवा, तोंडात पाणी, चहा, काहीही घालू नका. डोक्याला मार लागला असेल तर अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या देऊ नका, त्यांनी रक्तस्राव वाढतो. घरी ठेवावेच लागले तर पहिले दोन दिवस तिला एकटी सोडू नका. रात्री मधूनमधून उठवून नाव विचारा. आणि पुढचा महिनाभर तिची चौकशी करत राहा, कारण काही रक्तस्राव उशिरा बोलतात.

दवाखान्यात ‘घरात मारहाण झाली’ असेच सांगा, ‘पडली’ नको. मेडिको-लीगल नोंद करायला लावा. कागदाची प्रत घ्या.

शासनाकडे आपल्या मागण्या स्पष्ट आहेत. उपजिल्हा रुग्णालयात चोवीस तास सीटी स्कॅन आणि त्याची फिल्म वाचून तातडीने सल्ला देण्याची सोय हवी. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना, परिचारिकांना आणि आशाताईंना डोक्याच्या माराचे आणि घरगुती हिंसेचे एकत्र प्रशिक्षण हवे. डोक्याला मार लागलेल्या बाईच्या दुखापतीचा अंतिम दाखला पहिल्याच दिवशी देऊ नये, पंधरा दिवसांनी फेरतपासणी सक्तीची करावी. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सेहत संस्था आणि महापालिकेने ‘दिलासा’ केंद्र सुरू केले त्याला दोन दशके उलटून गेली. हिंसा झालेल्या बाईला दवाखान्यातच ओळखता येते आणि आधार देता येतो हे त्याने दाखवून दिले आहे. जे मुंबईच्या बाईला मिळू शकते ते धनजच्या बाईला का नको? आणि हिंसा सोसलेल्या बाईला रेशनकार्डाच्या कागदाशिवाय मोफत उपचार मिळाले पाहिजेत.

आमच्या धनजच्या बैठकीत आता अर्ज बदलला आहे. पहिलाच रकाना डोक्याचा आहे. तो रकाना ती बाईच भरून घेते. उजव्या हाताने लिहिणे तिला जमत नाही, म्हणून ती विचारते आणि दुसरी कोणी लिहिते. परवा एक नवी बाई आली आणि म्हणाली, काही नाही, न्हाणीत पाय घसरला. तिने तिचा हात धरला आणि म्हणाली, "माहाही तसाच घसरला होता बाई. सांग, डोक्सं कुठं आपटलं?"

तुमच्या अर्जावर हा रकाना आहे का? नसेल तर पुढच्या बैठकीच्या आधी तो घाला.